टाके घातलेली नोटीस

टेलरबाईंना कागदाचं पोट वाचायची सवय नव्हती. त्या कागदाची पाठ पाहायच्या. पाठ कोरी असली, कागद जाड असला, घडी फार खोल पडलेली नसली, की तो कामाचा. छापील बाजू खाली, कोरी बाजू वर, तिच्यावर पेन्सिलीची रेघ आणि रेघेवरून कात्री. जुन्या कॅलेंडरांची पानं, औषधकंपन्यांची पत्रकं, दुकानांच्या जाहिराती असं काय काय त्यांच्या कात्रीखालून गेलं होतं, आणि पोटात काय लिहिलंय हे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. कागदाची कॉलर व्हायची, बाही व्हायची, खिसा व्हायचा. मग ते तुकडे खिळ्याला अडकून राहायचे, पुढच्या कपड्याची वाट बघत.

कागदांचा ढीग असायचा मशीनच्या डाव्या अंगाला, खिडकीखाली. आणि खिडकी अशी, की तिच्यासाठीच बारा वर्षांपूर्वी हे घर घेतलं होतं. बाकी घरात पाहण्यासारखं काही नव्हतं. समोर दोन खोल्या, मागं स्वयंपाकघर आणि एक अडगळीची खोली. पण पुढच्या खोलीच्या त्या रुंद खिडकीतून दिवसभर असा शांत, निथळलेला उजेड यायचा, की काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याचा टाकासुद्धा चष्म्याशिवाय दिसावा. घर दाखवायला आलेला माणूस भिंती, नळ, फरशी सांगत होता आणि बाई खिडकीत उभ्या राहून सुईत दोरा ओवून बघत होत्या. पहिल्या झटक्यात ओवला गेला. "घेऊ या," त्या म्हणाल्या होत्या. बँकेनं कर्ज दिलं, वीस वर्षांचं.

त्या शनिवारी दुपारचे अडीच वाजले होते. एका दवाखान्याचे अठरा पांढरे कोट शिवायला आले होते आणि बाई तेराव्या कोटाची कॉलर बेतत होत्या. पाय तिथं नसलेल्या पॅडलवर आपोआप हलत होता, ओठांत त्यांचीच एक ओळ घोळत होती:

सुई गेली पुढं, दोरा मागं मागं
घर गं माझं बाई, उशाशी का जागं

खडू हातातून निसटला. त्या वाकल्या. पंख्याच्या वाऱ्यानं कॉलरचा कागद कापडावरून उडाला, उलटा झाला आणि त्यांच्या मांडीवर येऊन पडला. छापील बाजू वर.

बाईंना आधी दिसला तो घराचा नंबर. सत्तावीस. आपलाच नंबर असा कॉलरच्या टोकाशी कसा, म्हणून त्यांनी कागद उजेडात धरला. कॉलरच्या गोलाईनं ओळी दोन्हीकडून कापल्या गेल्या होत्या. मधलं तेवढं उरलं होतं: "तारखेपासून साठ दिवसांच्या आत". त्याखाली, "अन्यथा सदर मिळकतीचा ताबा". आणि अगदी खाली, जिथं मान बसते तिथं, "लिलाव".

बाई उठल्या. एका हातात कागद, दुसऱ्या हातात कात्री, ती ठेवायचं भान राहिलं नाही. अशाच स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

आत त्यांचे यजमान चहा गाळत होते. गल्लीत त्यांना सगळे स्टेअरिंग म्हणत. सव्वीस वर्षं त्यांनी एका कारखान्याची कामगारांची बस चालवली होती, आणि रस्त्यानं पायी जातानासुद्धा त्यांचे हात थोडे पुढं, थोडे अधांतरी असायचे, चाक धरल्यासारखे. वर्षभरापूर्वी त्यांच्या डोळ्यांत काहीतरी बिघडलं. कडेचं सगळं स्वच्छ दिसायचं, पण बरोबर समोरचं, मधोमध, कुणी ओल्या फडक्यानं पुसल्यासारखं. कारखान्यानं डोळे तपासले, हात जोडले, फंडाचे पैसे दिले आणि घरी पाठवलं.

"अहो, हे काय?"

स्टेअरिंगनी मान तिरकी केली. हल्ली ते कशाकडेही असंच, कडेनं पाहायचे.

"कॉलर."

"कॉलर मला कळते. तिच्या पोटात काय लिहिलंय ते विचारतेय."

गाळणं कपावरच राहिलं. चहा कप भरून बशीत आणि बशी भरून ओट्यावर आला, तरी हात थांबेना.

"तू कापलीस ती?" ते शेवटी म्हणाले.

"ढिगात होती. ढिगातलं मी कापतेच. तुम्ही ठेवलीत?"

स्टेअरिंग खाली, फरशीवरच बसले. मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली, उसवताना येते तशी. आधी अडलेली, मग एकदम हातभर. फंडाचे पैसे दोन वर्षं हप्त्यांना पुरतील असं त्यांनी बाईंना सांगितलं होतं. ते डोळ्यांच्या इंजेक्शनांना आणि सात हप्त्यांना पुरले. त्यानंतरचे पाच हप्ते गेलेच नाहीत. बँकेची पत्रं यायची, ते सही करून घ्यायचे. निळा शिक्का कडेनं ओळखू यायचा, अक्षरं मात्र मधोमध पुसलेली.

"मला वाचून दाखव म्हणाला असतात तर?"

"तेच तर जमेना."

"मग फाडून टाकायची."

"तेही जमेना. म्हटलं, ढिगात ठेवावी. तुला दिसली तर दिसली."

"मी पाठ बघते. तीस वर्षं बघताय तुम्ही."

"हो," स्टेअरिंग म्हणाले. "माहीत होतं."

बाईंनी कात्री ओट्यावर ठेवली. भांडायला मन तयार होतं, तोंडही तयार होतं, पण पाय तयार नव्हते. पाय म्हणत होते, चल, शोध.

"कधी आली ही?"

"झाले असतील दोन महिने. नसतीलही. थंडी सरत होती."

"थंडी सरत होती! बँकेला काय सांगू, थंडी सरल्यापासून साठ दिवस मोजा म्हणून?"

त्यांनी बँकेला फोन लावला. एक गोड आवाज म्हणाला की शनिवारी कार्यालय एक वाजता बंद होतं, सोमवारी दहाला उघडेल, आणि आपला दिवस आनंदात जावो. बाईंनी फोनकडे असं पाहिलं, की तो आवाज समोर असता तर त्याची बाही उसवली असती.

मग घरात जी शोधाशोध सुरू झाली तिला आदि-अंत राहिला नाही. खिळ्यावरचे सगळे कागद खाली आले. दवाखान्याच्या कोटांसाठी बाईंनी एकाच दिवशी, एकाच जाड कागदाच्या दोन पानांतून तुकडे कापले होते, एवढं त्यांना आठवत होतं. कागदाचा मऊ सायीसारखा पोत बोटांना आठवत होता, म्हणून त्या डोळे मिटून चाचपत होत्या. खिसा सापडला, टाचण्यांच्या डब्याखाली. बाहीचा कफ सापडला बाराव्या कोटातच टाचलेला. पाठीचा वरचा तुकडा गुंडाळीत होता. स्टेअरिंग गुडघ्यांवर रांगत मशीनखालचे कपटे काढत होते. समोरचं दिसत नव्हतं, पण कडेचं टिपण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

"हा बघ, निळा शिक्का!"

"तो आगपेटीचा आहे. पुढं सरका."

साडेपाचपर्यंत पलंगावर नोटीस मांडली गेली, एखादा माणूस कपड्यांच्या आकारात झोपवावा तशी. खिशावर लिहिलं होतं, "कर्जाची पुनर्रचना करण्यासाठी अर्ज". कफावर, "एकरकमी तडजोड". पाठीवर, "कर्जदाराने स्वतः खरेदीदार आणल्यास", आणि पुढं कात्रीनं तोंड मिटलेलं. म्हणजे ताबा आणि लिलाव एवढंच नव्हतं त्या कागदात. वाटाही होत्या. बाईंनी त्यांचे खिसे केले होते.

फक्त वरचा उजवा कोपरा नव्हता. तारखेचा.

बाईंना आठवलं. "पट्टी," त्या म्हणाल्या. "पट्टीचा कागद काजवालीकडे गेला."

कोटाच्या पुढच्या पट्टीवर बटणांची काजं कुठं पाडायची, त्याच्या खुणा कागदाच्या लांब पट्टीवर टोचून ती शिवलेल्या कोटांबरोबर पाठवायची, ही बाईंची रीत. म्हणजे अठराही कोटांची काजं एका रेषेत. आणि काजं करणारी राहायची शहराच्या दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावर, फोनशिवाय.

रविवारी सकाळी बाई निघाल्या. दोन बस बदलायच्या होत्या. पहिली भरून आली, दुसरी आलीच नाही, तेव्हा शेवटचा दीड मैल त्या चालत गेल्या. रस्त्यानं दिसणाऱ्या प्रत्येक घराकडे त्या नव्यानं बघत होत्या. कुणाच्या दाराला नवं कुलूप दिसलं, की त्या झपझप पुढं जायच्या. कुणाच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे दिसले, की वाटायचं, यांचे साठ दिवस अजून सुरू झालेले नाहीत. एका विजेच्या खांबावर पिवळं पत्रक चिकटवलेलं होतं: "बँकेची नोटीस आली? घर वाचवतो. आजच फोन करा." त्यांनी त्याचं टोक धरून ओढलं. पाठ कोरी होती. हात सवयीनं ते पिशवीत टाकून मोकळा झाला.

काजवाली दारातच बसली होती, मांडीवर पांढरा कोट, बोटात सुई ढकलायचं अंगुस्तान. वयानं बाईंहून पंधरा वर्षांनी मोठी, आणि जिभेला टोक सुईचं.

"रविवारी? नोकरीला लावलंय का मला तुझ्या दवाखान्यानं? मंगळवारी देईन म्हटलं होतं."

"कोट नकोत मावशी. पट्टीचा कागद हवाय."

"कागदासाठी आलीस? एवढ्या लांब?" काजवालीनं बाईंकडे नीट पाहिलं. मग काही न विचारता डब्यातून पट्टी काढून दिली.

बाईंनी ती उलटी केली. सहा भोकं, एका रेषेत. पाचव्या आणि सहाव्या भोकाच्या मध्ये तारीख होती. त्यांनी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. आज अठ्ठावन्नावा दिवस.

"पाणी दे गं, मावशी."

काजवालीनं पाणी दिलं, पट्टी हातातून घेतली आणि निळा शिक्का पाहिला. तिला वाचायची गरज पडली नाही.

"आमच्याकडेही आला होता असाच. सोळा वर्षं झाली. तू नव्हतीस तेव्हा माझ्याकडे येत."

"मग काय केलंस?"

"काय करणार? लाज. मी घर झाडून घेतलं, किल्ली बँकेच्या टेबलावर ठेवली आणि पाठ फिरवली. त्यांनी थांब म्हटलं नाही, मी का म्हणून विचारलं नाही." तिनं कोटाचं काज ताणून बघितलं. "नंतर कळलं, लिलावात कर्जापेक्षा जास्त आले होते. वरचे पैसे माझे होते गं. मागायचे असतात, हे सांगायलाही कुणी नव्हतं. पुढं मागायला गेले, तर ती बँकच राहिली नव्हती त्या नावाची."

बाईंनी पट्टी परत घेतली आणि घडी घालून पिशवीत ठेवली.

"तू तोंड लपवू नकोस," काजवाली म्हणाली. "तोंड लपवलं की ते घर नेतात, आणि आपण जणू चोर. उद्या उघडायच्या आधी दारात उभी राहा. आणि जाताना हे सहा कोट घेऊन जा, झालेत. नाहीतरी आलीच आहेस."

संध्याकाळी बाई घरी आल्या तर स्टेअरिंग उत्साहात येरझारा घालत होते. हात पुढं, चाक धरलेले.

"मिटलं सगळं! माणूस मिळाला. समोरच्या खांबावर पत्रक आहे ना, दुकानदाराकडून नंबर वाचून घेतला. उद्या दहाला येतो, कागद घेऊनच. घर फक्त त्याच्या नावावर करायचं. आपण इथंच राहायचं, भाडं भरून. चांगले दिवस आले की परत आपल्या नावावर."

"आणि चांगले दिवस नाही आले तर?"

"तू ना, नेहमी..."

"आणि फी?"

"थोडीशी. आगाऊ."

बाईंनी पिशवीतून पिवळं पत्रक काढलं, टेबलावर पसरलं. "हा तोच ना? दोन बस सोडून तिकडेही चिकटलाय. घर वाचवणारा माणूस एवढ्या खांबांवर कशाला चढतो हो?"

"कुणी तरी मदत करतंय तर तुला त्यातही..."

"बस तुम्ही चालवलीत सव्वीस वर्षं. तुम्हाला दिसत नाही म्हटल्यावर चाक सोडलंत ना? की कडेच्या माणसाच्या हातात देऊन म्हणालात, चालव बाबा, आपली बस तुझ्या नावावर?"

स्टेअरिंगचे चाक धरलेले हात खाली आले. फार लागलं त्यांना ते. बाईंनाही कळलं, की लागलं. पण टाका घातला की मागं घेता येत नाही, उसवावाच लागतो, आणि तेवढा वेळ आज नव्हता. त्यांनी पिवळ्या पत्रकाची कोरी बाजू वर केली आणि एका खिशाचा कागद कापला. कच कच कच. मग पलंगावरची नोटीस मशीनवर घेतली. घरात चिकटपट्टी नव्हती. त्यांनी सगळ्यात लांब टाका लावला आणि कॉलरला खिसा, खिशाला कफ, कफाला पाठ, पाठीला पट्टी असं कागदाला कागद जोडत नेलं. मशीनचा आवाज कागदावर वेगळा यायचा, कोरडा, खडखडीत, जणू घरातून कुणी पळत सुटलंय.

"चुरगळेल," स्टेअरिंग मागून म्हणाले.

"मग धरा ना ते टोक."

त्यांनी टोक धरलं.

सोमवारी पावणेदहाला दोघं बँकेच्या पायऱ्यांवर उभी होती. बाईंना बसवेना. त्या चार पायऱ्या चढायच्या, चार उतरायच्या. दहा वाजता स्टेअरिंगच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तिरक्या नजरेनं नंबर पाहिला, कानाला लावला आणि म्हणाले, "आम्ही घरी नाही. नाही, उद्याही नाही." मग फोन बंद करून बायकोकडे न बघता म्हणाले, "दार उघडलं वाटतं."

वसुलीचं टेबल दुसऱ्या मजल्यावर, शेवटी. तिथं बसलेल्या मॅडम तरुण होत्या, समोर चहा थंड झालेला, फायलींची चळत हनुवटीपर्यंत. बाईंनी बसायच्या आधीच पाहिलं, की मॅडमच्या उजव्या खांद्याची बाही चुकीची बसलीय. हात उचलला की सगळा खांदा वर यायचा.

बाईंनी नोटीस टेबलावर उलगडली. ती उलगडत राहिली. कॉलर, खिसा, कफ, पाठ, शेवटी जिभेसारखी लोंबणारी पट्टी.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "फाडलेल्या पाहिल्यात मी. जाळलेली पाहिलीय एक. शिवलेली पहिल्यांदाच."

"आधी कापली होती," बाई म्हणाल्या. "वाचायच्या आधी. चूक आमची. पण साठ व्हायला आज एक दिवस आहे."

"उद्या संध्याकाळी ही फाइल माझ्या टेबलावरून उठते, काकू. मग ताब्याच्या टेबलावर. तिथून परत खाली येताना मी तरी एकही पाहिली नाही." मॅडमनी फाइल ओढली, बाही वर गेली. "सगळं एकदम भरता येईल? थोडी सूट मिळू शकते."

"नाही."

"घर विकायचं मनात आहे? लिलावाला जाण्यापेक्षा तुम्ही गिऱ्हाईक आणलंत तर भाव बरा येतो. आमचं फिटलं, की उरलेलं तुमचं."

बाईंना काजवाली आठवली. "आणि तिसरं? पुनर्रचना? ते खिशावर आहे."

"मुदत वाढवून हप्ता खाली आणता येतो. थकलेलं शेवटाला जोडायचं. पण कमाई दाखवावी लागेल. साहेबांचा पगार?"

स्टेअरिंग खिडकीकडे बघत होते. "नाही," ते म्हणाले. पहिल्यांदाच सरळ, कुणी न ओढता.

"तुमची?"

बाईंनी पिशवीतून मापांच्या वह्या काढल्या. माणसांच्या छात्या, कमरा, खांदे, शिवाय तारखा आणि शिलाई. मॅडमनी पानं चाळली, बाजूच्या कागदावर आकडे मांडले, ओठ आवळले. "हे धरता येईल. पण कमी पडतंय काकू. मुदत कितीही ताणली तरी एवढं एवढं कमी." त्यांनी बोटांत अंतर दाखवलं.

एवढं एवढं. ते अंतर बाईंना ओळखीचं होतं. गिऱ्हाईक जुना कोट घेऊन यायचं, अंगाला होत नाही म्हणायचं, आणि बाई अस्तर उलटून आत बघायच्या, किती कापड दडवून ठेवलंय. असलं तर शिवण उसवून ते सोडायचं. नसलं तर दुसरीकडून घ्यायचं. लांबीतून काढून रुंदीला लावायचं. नवा कोट हा त्यांच्याकडे कधीच पहिला उपाय नव्हता.

"पेन्सिल आहे?" त्यांनी विचारलं.

शिवलेली नोटीस त्यांनी उलटी केली. पाठ कोरी. तिच्यावर त्यांनी घर काढलं. पुढच्या दोन खोल्या, मधला दरवाजा, स्वयंपाकघर, अडगळीची खोली. मधल्या दरवाजावर एक जाड रेघ मारली.

"इथं दुमडायचं," त्या म्हणाल्या. "पुढचं भाड्यानं. पुढच्या दोन खोल्यांना रस्त्याचं दार आहे. आम्ही मागच्या दारानं."

"अगं, पण..." स्टेअरिंगचं बोट कागदावर आलं, पुढच्या खोलीच्या भिंतीवर, जिथं बाईंनी सवयीनं खिडकीची रुंद खूण केली होती. त्यांना ती दिसत होती की बोटालाच माहीत होती, कोण जाणे. "खिडकी?"

"खिडकी पुढच्या खोलीची आहे," बाई म्हणाल्या. आवाज नीट आला. पेन्सिल मात्र त्यांनी उगाच दोनदा टेबलावर आपटली. "खिडकीमुळंच तर चांगलं भाडं येईल."

मॅडमनी कोरा अर्ज पुढं सरकवला. "आज अर्ज घेते. शिक्का मारते. पंधरा दिवसांत भाडेकरार आणा. मंजूर होईलच असं मी म्हणत नाही. पण फाइल माझ्या टेबलावर राहील."

शिक्का पडला. निळाच, पण या वेळी बाईंनी त्यावरचं अक्षर न् अक्षर वाचलं. उठताना त्या म्हणाल्या, "मॅडम, ती उजवी बाही उसवून परत लावायला हवी. घेऊन या, दहा मिनिटांचं काम."

"काकू, याला इथं लाच म्हणतात."

"मग पैसे घेईन की!"

भाडेकरू नवव्या दिवशी मिळाल्या. गणिताच्या शिकवण्या घेणाऱ्या बाई. त्या खिडकीत उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "केवढा उजेड!" आणि टेलरबाईंना वाटलं, आता कुणी सुईत दोरा ओवून बघितला तर आपण रडू. पण गणिताच्या बाईंनी फक्त फळा कुठं लावायचा ते विचारलं.

मशीन अडगळीच्या खोलीत गेलं. तिथं उंचावर एक झरोका होता, वहीएवढा. त्याखाली दिवा लावला. मशीनचं लांब टेबल मात्र भिंतीला भिडेना. चार बोटं जास्त. दार अर्धवट उघडं राहायचं आणि येताजाता बाईंच्या कोपराला लागायचं. बाई शिवता शिवता उठायच्या, टेबल ढकलून बघायच्या, बसायच्या, पुन्हा उठायच्या. करार जाऊन सहा दिवस झाले होते. रस्त्यावर सायकल थांबली, की मशीन थांबायचं.

सातव्या दिवशी दुपारी मागच्या दारात स्टेअरिंग येऊन उभे राहिले. हातात लांब पाकीट. निळा शिक्का. सही करून घेतलेलं, न उघडलेलं. त्यांनी ते दोन्ही हातांवर धरून बायकोपुढं केलं. छापील बाजू वर.

"वाच," ते म्हणाले. "मोठ्यानं."

बाईंनी कात्रीनं पाकीट उघडलं आणि वाचलं. एकेक ओळ, एकेक अट. हप्ता घटवला होता. थकबाकी शेवटाला गेली होती. सलग दोन हप्ते चुकले तर सगळं रद्द आणि फाइल थेट वर, हेही होतं. आणि मुदत: उरलेली आठ वर्षं, अधिक नऊ.

भिंतीपलीकडून शिकवणीतल्या मुलांचे पाढे ऐकू येत होते.

"सतरा वर्षं," स्टेअरिंग म्हणाले. "मी तोवर ऐंशीचा होईन गं."

"मग? लवकर निघायचं होतं का कुठं?"

ते हसले. पहिल्यांदा नाकातून, मग नीट. बाईंनी पत्राची घडी केली. पाठ कोरी होती, कागद जाड, मऊ, सायीसारखा. हात क्षणभर ढिगाकडे वळला. मग त्यांनी ते पत्र खिळ्यावर अडकवलं, डोळ्यांसमोर, पोट बाहेर करून.

"करवत कुठं आहे?" स्टेअरिंगनी विचारलं.

"कशाला?"

"चार बोटं काढतो. किती दिवस कोपर आपटून घेणार?"

"मधोमध दिसत नाही तुम्हाला."

"कडेचं दिसतं की. टेबलाला कापायचं कडेलाच आहे."

बाईंनी टेप लावला. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं, आणि पांढऱ्या खडूनं टेबलाच्या टोकाशी ठळक रेघ ओढली. स्टेअरिंगनी मान तिरकी केली, रेघ कडेनं पकडली आणि करवत ठेवली. भुसा पडायला लागला. बाईंनी दुसऱ्या बाजूनं टेबल दाबून धरलं, आणि भिंतीपलीकडचे पाढे व करवतीचा आवाज यांच्या मधून कुठून तरी त्यांच्या ओठांवर ओळ आली: सुई गेली पुढं.

"दोरा मागं मागं," स्टेअरिंग बेसूर म्हणाले. "हलू नकोस."

"मी नाही हलत. तुम्ही रेघेवर राहा."